वीज गेली तरी वेळ चुकू नये: आर्डुइनोला डीएस३२३१ घड्याळ जोडताना

गावाकडच्या एका माध्यमिक शाळेत आपोआप वाजणारी घंटा बसवायचं काम मी घेतलं, तेव्हा वाटलं होतं की अवघड जाईल तो रिले (छोट्या करंटने मोठी वीज चालू-बंद करणारा स्विच) आणि २३० व्होल्टचा भाग. तो एका संध्याकाळी झाला. पुढचे तीन आठवडे गेले ते वेळ सांभाळण्यात. एका सोमवारी सकाळी वीज गेली, तासाभराने आली, आणि चालू तासातच मधल्या सुट्टीची घंटा झाली. शिपाईमामा खुर्चीवर चढून वायर काढेपर्यंत सातवीचा वर्ग पटांगणात पोचला होता.

घड्याळाची चिप ठीक होती, वायरिंगही ठीक होतं. वेळ कधी लावायची आणि कधी लावायची नाही, एवढंच मी प्रोग्रॅमला सांगितलं नव्हतं. चार वायर कुठे लावायच्या हे सगळीकडे मिळतं. ज्या जागी नवीन माणूस हमखास अडतो, त्या जागा मात्र कोणी दाखवत नाही. त्या दाखवाव्यात म्हणून हे लिहितो आहे.

वेगळं घड्याळ कशाला?

आर्डुइनो उनो या प्रोग्रॅम करता येणाऱ्या छोट्या बोर्डाला वेळ मोजता येते, पण ती चालू झाल्यापासूनची. वीज गेली की मोजणी शून्यावर. शिवाय उनोवरच्या मुख्य चिपला ठोके द्यायला क्वार्ट्झ स्फटिक नसतो, त्याहून कमी अचूक सिरॅमिक रेझोनेटर असतो. त्यात अर्धा टक्का फरक पडला तरी दिवसाला ७ मिनिटं होतात. शाळेच्या घंटेला ते परवडत नाही, ठिबकच्या व्हॉल्व्हलाही नाही.

घड्याळाच्या चिपला ३२,७६८ हर्ट्झच्या स्फटिकाची जोड असते. हा आकडा म्हणजे २ चा १५ वा घात. पंधरा वेळा निम्मा करत गेलं की बरोबर सेकंदाला एक ठोका उरतो. बाहेरची वीज गेली की चिप स्वतःहून बटण सेलवर जाते आणि मोजत राहते.

१. आधी चिप ठरवा

बाजारात मुख्यतः दोन दिसतात: डीएस१३०७ आणि डीएस३२३१. नावातलं 'डीएस' म्हणजे डॅलस सेमिकंडक्टर. ही कंपनी २००१ मध्ये मॅक्सिमने घेतली आणि २०२१ मध्ये मॅक्सिम ॲनालॉग डिव्हायसेसकडे गेली. म्हणून डेटाशीट (चिपचं माहितीपत्रक) शोधताना तिन्ही नावं समोर येतात. गोंधळू नका, चिप तीच.

डीएस१३०७ स्वस्त आहे, पण तिचा स्फटिक बाहेर लावलेला असतो आणि तापमान बदललं की त्याचा वेग बदलतो. स्फटिकात साधारण २० पीपीएम, म्हणजे दहा लाखांत वीस, एवढा फरक धरला तर दिवसाला पावणेदोन सेकंद आणि महिन्याला जवळपास ५० सेकंद होतात. विदर्भातल्या मे महिन्यात पत्र्याखालच्या डब्यात ठेवलेल्या घड्याळाचं तर वेगळं सांगायला नको.

डीएस३२३१ मध्ये स्फटिक चिपच्या पोटातच असतो. ती दर ६४ सेकंदांनी स्वतःचं तापमान मोजते आणि त्याप्रमाणे वेग सुधारते. ० ते ४० अंश सेल्सिअसमध्ये तिची चूक २ पीपीएमच्या आत राहते, म्हणजे वर्षाला जास्तीत जास्त ६३ सेकंद. मी नव्या माणसाला डोळे झाकून हीच घ्यायला सांगतो. दोघींच्या किमतीत जो फरक आहे, तो एका रविवारच्या मनस्तापापेक्षा कमी आहे.

घेताना चिपवरचं लिखाण वाचा. 'एसएन' असेल तर वर सांगितलेली. नुसतं 'एम' असेल तर ती वेगळ्या रचनेची, ५ पीपीएमची. तीही चांगली आहे, फक्त आपण काय घेतलं ते माहीत असावं. मुंबईत लॅमिंग्टन रोड आणि पुण्यात बुधवार पेठेतली तपकीर गल्ली इथे मॉड्यूल (चिप आणि सेलची खाच असलेली तयार पट्टी) हातात घेऊन बघता येतं. एका दुकानातून मी न बघता पाच घेतली होती, त्यांतल्या दोनांवर सेल बसवायची पत्रीच सैल होती.

२. सामान जमवा

- आर्डुइनो उनो, किंवा तुमच्याकडे असेल तो बोर्ड
- डीएस३२३१ चं मॉड्यूल (बहुतेक ठिकाणी झेडएस-०४२ नावाचं निळं मॉड्यूल मिळतं)
- सीआर२०३२ बटण सेल, चांगल्या कंपनीचा
- जम्पर वायरी, शक्यतो २० सेंटिमीटरच्या आतल्या
- मल्टिमीटर
- बारीक टोकाचं सोल्डरिंग आयर्न (का, ते पुढच्याच पायरीत)
- संगणकावर आर्डुइनोचा प्रोग्रॅम आणि त्यात ॲडाफ्रूटची 'आरटीसीलिब' ही लायब्ररी (तयार प्रोग्रॅमचा संच)

नवा सेल मल्टिमीटरवर ३ ते ३.३ व्होल्ट दाखवतो. त्याच्या खाली दाखवत असेल तर परत करा. पाकिटावर ज्याची छपाई धूसर आहे तो सेल घेऊच नका.

३. सेल घालण्याआधी थांबा

ही पायरी मी सर्वांत ठळक लिहितो आहे, कारण इथे नुसता प्रकल्प बिघडत नाही, धोका असतो.

झेडएस-०४२ मॉड्यूलवर सेल चार्ज करणारी जोडणी असते. ती एलआयआर२०३२ या रिचार्ज होणाऱ्या सेलसाठी केलेली आहे. सीआर२०३२ दिसायला अगदी तसाच, २० मिलिमीटर व्यासाचा, त्याच खाचेत बसणारा, पण तो चार्ज होणारा नाही. मॉड्यूलला ५ व्होल्ट दिले की डायोडवर (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) अर्धा-पाऊण व्होल्ट पडून साधारण ४.४ व्होल्ट सेलवर येतात. ३ व्होल्टच्या सेलमध्ये असा करंट ढकलत राहिलं की तो फुगतो, गळतो, फुटूही शकतो. आणि ४.४ व्होल्ट एलआयआर२०३२ लाही जास्तच आहेत, त्याची मर्यादा ४.२ ची.

माझा पहिला सेल दोन महिन्यांनी बाहेर काढला तेव्हा त्याचा सपाट माथा बशीसारखा वर आला होता. बोटाने दाबल्यावर कळलं. कडेला पांढरट ओल होती आणि खाचेची पत्री हिरवी पडली होती. तो डबा मुलांच्या डोक्यावर, भिंतीवर होता.

उपाय सोपा आहे. मॉड्यूलवर एक बारीक काचेचा डायोड दिसेल. त्याला लागूनच '२०१' लिहिलेला तांदळाच्या कणीएवढा रेझिस्टर असतो, म्हणजे २०० ओहमचा. तो काढून टाका. आयर्नच्या टोकाला थोडं सोल्डर घेऊन रेझिस्टरच्या दोन्ही टोकांना एकदम गरम केलं की तो टोकालाच चिकटून येतो. जोर लावू नका, तांब्याची पट्टी उखडते. चार्जिंगचा रस्ता तुटतो आणि घड्याळाला काहीही होत नाही.

झालं की पडताळा: सेल न घालता मॉड्यूलला ५ व्होल्ट द्या आणि सेलच्या खाचेत मल्टिमीटर लावा. आधी तिथे ४ व्होल्टच्या वर दिसायचं, आता जवळजवळ काहीच दिसता कामा नये. मगच सेल घाला, अधिक चिन्हाची बाजू वर.

ईएसपी३२ सारख्या ३.३ व्होल्टच्या बोर्डावर मॉड्यूलही ३.३ वर चालवलं तर डायोडनंतर २.७ व्होल्टच उरतात आणि सेल चार्ज होत नाही. तरी मी रेझिस्टर काढतोच. उद्या कोणी तेच मॉड्यूल उचलून ५ व्होल्टला लावेल.

४. चार वायरी

मॉड्यूलवर सहा पिना असतात. आपल्याला चार लागतात: व्हीसीसी (वीज), जीएनडी (ग्राउंड), एसडीए आणि एससीएल. शेवटच्या दोन आय-टू-सी या दोन तारांच्या पद्धतीच्या. फिलिप्सने ती १९८२ मध्ये आणली. एका तारेवर माहिती जाते, दुसरीवर ताल.

- उनो: एसडीए ए४ ला, एससीएल ए५ ला
- मेगा: एसडीए २० ला, एससीएल २१ ला
- ईएसपी३२: एसडीए २१ ला, एससीएल २२ ला
- नोडएमसीयू (ईएसपी८२६६): एसडीए डी२ ला, एससीएल डी१ ला

उनो आणि मेगाला व्हीसीसी ५ व्होल्टला, ईएसपीच्या दोन्ही बोर्डांना ३.३ लाच. हे 'लाच' महत्त्वाचं आहे. मॉड्यूलवरचे ४.७ किलोओहमचे पुल-अप रेझिस्टर दोन्ही तारांना व्हीसीसीकडे ओढून धरतात. व्हीसीसी ५ व्होल्ट असेल तर ईएसपीच्या पिनांवरही ५ व्होल्ट जातात आणि त्या पिना तेवढ्यासाठी नाहीत. डीएस३२३१ स्वतः २.३ ते ५.५ व्होल्टवर चालते, तिची काळजी नको. डीएस१३०७ ला मात्र ५ व्होल्टच लागतात, ईएसपीसाठी ती घेऊ नका.

मेगावर उनोचं चित्र बघून ए४-ए५ ला वायर लावणारे मी बरेच पाहिले. तिथे काहीच चालत नाही आणि माणूस मॉड्यूलवर संशय घेतो.

५. चिप दिसते का ते बघा

लगेच घड्याळाचा प्रोग्रॅम घालू नका. आधी आय-टू-सी स्कॅनर, म्हणजे तारांवर जोडलेल्या चिपांचे पत्ते शोधणारा प्रोग्रॅम, चालवा, तो तयार उदाहरण म्हणून सहज मिळतो. त्यात दोन पत्ते दिसायला हवेत, सोळा-आधारित आकड्यांत ५७ आणि ६८. ६८ म्हणजे घड्याळ. ५७ म्हणजे त्याच मॉड्यूलवरची ४ किलोबाइटची छोटी मेमरी, एटी२४सी३२.

एकही पत्ता आला नाही तर एसडीए-एससीएल उलट झालेत का, जीएनडी जोडलं आहे का, ब्रेडबोर्डातली वायर सैल आहे का, या क्रमाने बघा. ५७ दिसतो पण ६८ नाही, असं असेल तर वायरी बरोबर आहेत आणि गडबड घड्याळाच्या चिपपाशी आहे.

त्याच तारांवर एमपीयू६०५० हा हालचालीचा सेन्सर असेल तर त्याचाही पत्ता ६८ च असतो. दोन घरांना एक नंबर दिला तर पत्र कुठेही जाईल. सेन्सरची एडी० पिन व्हीसीसीला जोडली की तो ६९ वर सरकतो.

६. वेळ लावा, पण एकदाच

माझी घंटा चुकली ती इथे.

लायब्ररीच्या उदाहरणात 'ॲडजस्ट' नावाची ओळ असते. प्रोग्रॅम संगणकावर ज्या क्षणी कंपाइल झाला, म्हणजे बोर्डाच्या भाषेत बदलला गेला, ती तारीख आणि वेळ ती घड्याळात भरते. ही ओळ मोकळी 'सेटअप'मध्ये (बोर्ड सुरू होताना चालणाऱ्या भागात) ठेवली, तर बोर्ड जितक्या वेळा सुरू होईल तितक्या वेळा तोच जुना क्षण घड्याळात जातो. वीज गेली असताना चिपने सेलवर इमानाने सांभाळलेली वेळ आपणच पुसतो. टेबलावर हे लक्षात येत नाही, कारण नुकतंच अपलोड केलेलं असतं आणि फरक काही सेकंदांचा असतो. पंधरा दिवसांनी पहिल्यांदा वीज जाते तेव्हा घड्याळ पंधरा दिवस मागे उडी मारतं.

बरोबर क्रम असा:

बोर्ड सुरू झाला → घड्याळ सापडलं का? नसेल तर थांब आणि लाल दिवा लाव.
घड्याळ मध्ये बंद पडलं होतं का? → हो असेल तरच वेळ लाव.
नाही असेल तर → वेळेला हात लावू नको, नुसती वाच.

'बंद पडलं होतं का' हे चिप स्वतः सांगते. डीएस३२३१ च्या स्टेटस रजिस्टरमध्ये (रजिस्टर म्हणजे चिपमधली आकडा ठेवायची छोटी जागा) सर्वांत वरचा बिट, ओएसएफ, हा स्फटिक कधीही थांबला की १ होतो. लायब्ररीत तो 'लॉस्टपॉवर' नावाच्या फंक्शनने वाचता येतो, आणि 'ॲडजस्ट' केल्यावर तो पुन्हा ० होतो.

पण भिंतीवर बसलेल्या घंटेत एवढंही पुरत नाही. समजा सेल संपला आणि वीज गेली. वीज आल्यावर प्रोग्रॅम बघतो, घड्याळ थांबलं होतं, आणि कंपाइलची वेळ भरतो. ती असते सहा महिन्यांपूर्वीची. म्हणून पक्क्या बसवलेल्या यंत्रात मी 'ॲडजस्ट' ठेवतच नाही. वेळ लावायला वेगळा छोटा प्रोग्रॅम, तो एकदा चालवायचा. मुख्य प्रोग्रॅमला घड्याळ थांबलेलं दिसलं तर तो घंटा वाजवत नाही, लाल दिवा लावतो. एक दिवस हाताने घंटा द्यावी लागली तर कोणाचं बिघडत नाही. चुकीच्या वेळी वाजली तर सगळ्या शाळेचं बिघडतं.

कंपाइल होऊन अपलोड होईपर्यंत काही सेकंद जातात, तेवढं घड्याळ मागे पडतं. मोबाईलच्या घड्याळाशी ताडून तो फरक मिळवून टाका.

भारतीय वेळ लावायची की जागतिक? एकटं चालणारं यंत्र असेल तर सरळ भारतीय वेळ लावा. आपल्याकडे उन्हाळ्यात घड्याळ पुढे करायची भानगड नाही. नोंदी इंटरनेटवर पाठवायच्या असतील तर चिपमध्ये जागतिक वेळ ठेवा आणि दाखवताना १९,८०० सेकंद, म्हणजे साडेपाच तास मिळवा. दोन्हीची सरमिसळ केली की नोंदी साडेपाच तास सरकतात, आणि मध्यरात्रीच्या आसपास तर तारीखच बदलते.

७. वेळ वाचताना

लायब्ररी वापरत असाल तर 'नाऊ' विचारा, सगळं मिळतं. स्वतः रजिस्टर वाचणार असाल तर दोन गोष्टी.

चिप आकडे बीसीडी पद्धतीने ठेवते. दशकाचा अंक चार बिटांत, एककाचा चार बिटांत. ५९ सेकंद सरळ वाचले तर ८९ दिसतात. असा अचाट आकडा दिसला की बीसीडी उलगडायचं राहिलं असं समजा.

दुसरं, सेकंदापासून वर्षापर्यंतची सात रजिस्टरं एका दमात वाचा. वाचन सुरू होताच चिप त्या क्षणाची प्रत बाजूला काढते आणि तीच आपल्याला देते. तास आणि मिनिट वेगवेगळ्या वेळी मागितले आणि मध्ये १०:५९ चे ११:०० झाले, तर हातात १०:०० पडतात.

डीएस१३०७ वापरणाऱ्यांसाठी एक: तिच्या सेकंदांच्या रजिस्टरचा सर्वांत वरचा बिट १ असेल तर घड्याळ थांबलेलं राहतं. नवी चिप वेळ दाखवते पण सेकंद हलत नाहीत, त्याचं कारण बहुधा हेच. वेळ एकदा लावली की ते सुटतं.

८. ठरलेल्या वेळी काम करून घेणं

'तास १०, मिनिट ४०, सेकंद ० असेल तर घंटा वाजव' असं नवशिके लिहितात. प्रोग्रॅम त्याच सेकंदाला दुसऱ्या कामात, किंवा 'डिले'मध्ये (थांबून राहायच्या आज्ञेत) अडकला असेल तर तो सेकंद निसटतो आणि घंटा होतच नाही. सेकंद सोडा. तास आणि मिनिट जुळले का बघा, आणि शेवटची घंटा कोणत्या मिनिटाला दिली ते लक्षात ठेवा. तेच मिनिट असेल तर पुन्हा वाजवू नका. रविवार वगळायचा असेल तर लायब्ररी वार देते, त्यात रविवार ० आणि शनिवार ६.

चिपमध्ये दोन गजरही आहेत. गजर झाला की एसक्यूडब्ल्यू पिन खाली, म्हणजे ० व्होल्टकडे, जाते, त्याने झोपलेला बोर्ड उठवता येतो. बॅटरीवर चालणाऱ्या शेतातल्या यंत्राला हे फार उपयोगी. गजराचा फ्लॅग (गजर झाल्याची खूण) प्रोग्रॅमने पुसावा लागतो. तो पुसला नाही तर पिन खालीच राहते आणि दुसऱ्या दिवशी गजर होत नाही.

रिले जोडल्यावर 'कधी कधी' अडकणाऱ्या प्रोग्रॅमचं कारण बऱ्याचदा आय-टू-सीच्या तारा असतात. रिलेची वायर आणि घड्याळाच्या तारा एकत्र बांधू नका. रिलेच्या कॉइलवर उलटा डायोड आहे का बघा. घड्याळ बोर्डाजवळ ठेवा, लांब वायर हवीच तर ती रिलेकडे न्या.

९. भिंतीवर लावण्याआधीची परीक्षा

वेळ लावा. बोर्डाची वीज काढा. रात्रभर तसंच ठेवा. सकाळी वीज द्या आणि मोबाईलशी ताडा. मग वीज पाच-सहा वेळा पटापट चालू-बंद करा, भारनियमनानंतर वीज येते तशी झटके देत, आणि पुन्हा ताडा. ही परीक्षा मी टेबलावर केली असती तर तो सोमवार आला नसता.

महिन्याभराने फरक मोजा. ३० दिवसांत १० सेकंद म्हणजे सुमारे ४ पीपीएम. थोडाच पण कायम एकाच बाजूला फरक पडत असेल तर एजिंग ऑफसेट नावाच्या रजिस्टरने तो सुधारता येतो. खोलीच्या तापमानाला एका पायरीला साधारण ०.१ पीपीएम, आणि अधिक आकडा घातला की घड्याळ हळू होतं. शाळेच्या घंटेसाठी मी ते केलं नाही. दर सहामाहीच्या सुट्टीत वेळ ताडतो, तेवढं पुरतं.

सेल किती टिकतो? सीआर२०३२ ची क्षमता साधारण २२० मिलिॲम्पिअर-तास. चिप सेलवर जास्तीत जास्त ३ मायक्रोॲम्पिअर घेते असं धरलं तरी हिशेब आठ वर्षांचा येतो, आणि वीज असताना ती सेलला फारसा हातच लावत नाही. तरी उन्हातल्या डब्यात सेल लवकर म्हातारा होतो, म्हणून मी तीन वर्षांनी बदलतो.

सेल बदलताना बोर्डाची वीज चालू ठेवा, म्हणजे वेळ जात नाही. त्याआधी २३० व्होल्टची रिलेकडे जाणारी लाइन मात्र मेन स्विचवरून बंद करा आणि बोर्ड मोबाईलच्या पॉवर बँकेवर चालवा. जुना सेल लाकडी किंवा प्लास्टिकच्या काडीने उचला, स्क्रू-ड्रायव्हरच्या पात्याने दोन पत्र्या एकमेकींना टेकतात. नवा सेल कोरड्या फडक्याने पुसून बसवा, आणि डब्याच्या झाकणाच्या आत बदलल्याची तारीख पेनने लिहा. काढलेला सेल तिथे टेबलावर ठेवू नका, खिशात घाला. लहान मुलाने गिळला तर काही तासांत अन्ननलिका भाजते.